सायकलमार्ग आखताना किलोमीटर नव्हे, टेकलेले पाय मोजा

पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं कागदावर आलं. त्याच्या कितीतरी आधी, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेच्या पैशांतून, काही मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक झालेच होते. त्यातले बरेचसे तुकडे आज फक्त पेव्हर ब्लॉकच्या वेगळ्या रंगावरून ओळखू येतात. वर गाड्या लावलेल्या असतात, नाहीतर कुणाच्या तरी घराच्या बांधकामाचा राडारोडा. ट्रॅकची लांबी मोजली गेली, सलगपणा कुणी मोजला नाही. सायकल चालवणाऱ्याचं माप वेगळं असतं. घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत पाय किती वेळा टेकावा लागला, एवढंच त्याला कळतं. पाच किलोमीटरचा उत्तम ट्रॅक आणि मध्ये एक जीवघेणा चौक असेल, तर आई-वडील मुलाला त्या वाटेने पाठवत नाहीत आणि तो सगळा ट्रॅक वाया जातो.

पुढची पद्धत मोहल्ला कमिटी, सायकल गट आणि क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंते यांच्यासाठी आहे. उदाहरणं पुण्याची असली तरी मापं नाशिक, कोल्हापूर, नागपूरलाही तीच लागतात.

वाट कोणती घ्यायची

सुरुवातीला ३ ते ५ किलोमीटरचा एकच मार्ग घ्या. शहरात थांबत-थांबत साध्या सायकलचा सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर पडतो, म्हणजे हे अंतर वीसेक मिनिटांचं. मार्गाच्या एका टोकाला वस्ती हवी आणि दुसऱ्या टोकाला शाळा, मंडई, मेट्रो स्टेशन किंवा कामाची जागा. रविवारी सकाळी हेल्मेट-जर्सी घालून सिंहगडाकडे निघणाऱ्यांना नव्या मार्गाची फारशी गरज नसते. ते मोठ्या रस्त्यावरूनही जातात. वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, बांधकामावरचे गवंडी आणि शाळेतल्या मुली रोज कुठून जातात, ते आधी पाहा.

मुख्य रस्ता घ्यायचा की आतली गल्ली, हा वाद दरवेळी होतो. वाहनांचा वेग ताशी ३० च्या खाली असेल तर वेगळा ट्रॅक लागत नाही; गतिरोधक आणि चांगला डांबरी पृष्ठभाग पुरतो. वेग ५० च्या आसपास गेला की केवळ रंगाचा पट्टा निरुपयोगी ठरतो, तिथे उंचीचा किंवा कर्बचा (कडेच्या उभ्या दगडांचा) अडसर हवाच. आतली वाट निवडली तर ती मुख्य रस्त्यापेक्षा फार लांबची नसावी. मुख्य रस्त्याने ४ किलोमीटर आणि आतून ५ किलोमीटर असेल, तर लोक मुख्य रस्त्यानेच जातात.

पेठांमध्ये एकेरी वाहतुकीमुळे सायकलला उगाच वळसा पडतो. तिथे बांधकामापेक्षा वाहतूक पोलिसांची अधिसूचना आणि ‘सायकल वगळून’ ही पाटी जास्त काम करते. नदी ओलांडताना पुलाचा स्वभावही पाहावा लागतो. डेक्कनकडून नारायण पेठेत जायला भिडे पूल सपाट आणि सोयीचा आहे, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. म्हणून नकाशावर पावसाळ्याचा पर्याय वेगळ्या रंगात दाखवा. झेड ब्रिजवर बस-मोटारी नाहीत, पण चढ आहे आणि दुचाकी वेगात असतात. गिअर नसलेल्या सायकलला लांबवर टिकलेला चढ जड जातो, त्यामुळे उड्डाणपूल असेल तिथे मार्ग खालून न्या.

पाय-टेक तक्ता

मार्ग ठरला की त्यावर तीन जणांनी सायकल चालवायची: बारा-चौदा वर्षांचं मूल, कॅरियरला पिशवी लावलेली बाई आणि रोज कामाला जाणारा माणूस. मुलामागे एक मोठं माणूस दुसऱ्या सायकलवर असू द्या. गिअरच्या महाग सायकलवर ही पाहणी करू नका, जाड टायर खड्डे लपवतात. वेळ सकाळी साडेसात ते दहा किंवा संध्याकाळी पाच ते आठची घ्या.

पाय टेकला, उतरावं लागलं किंवा वाहनांच्या भीतीने फूटपाथवर चढावं लागलं, की थांबून नोंद करायची. जागा लिहिताना ‘पेट्रोल पंपाजवळ’ असं मोघम लिहू नका. विजेच्या खांबावर क्रमांक असेल तर तोच पत्ता; अभियंत्याला तो लगेच सापडतो. कारणासाठी एक अक्षर पुरे: चौ म्हणजे चौक, पा म्हणजे लावलेली गाडी, ख म्हणजे खराब पृष्ठभाग, अ म्हणजे मध्ये उभी असलेली वस्तू, तु म्हणजे ट्रॅक अचानक तुटला. सिग्नल लाल असताना टेकलेला पाय वेगळ्या रकान्यात घ्या, तो दोष नव्हे.

तिघांच्या नोंदी एका कागदावर आल्या की पुढचं काम सोपं होतं. दोघांचा किंवा तिघांचा पाय जिथे टेकला, ती जागा पहिल्या यादीत. बहुधा ही यादी दहा-बारा ठिकाणांपलीकडे जात नाही, आणि त्यातली निम्मी ठिकाणं पावसाळी गटाराची जाळी फिरवून, खांब हलवून किंवा कर्ब उतरता करून सुटणारी असतात. संपूर्ण ट्रॅकची मागणी करण्याआधी ही कामं मागा. ती लवकर होतात.

मोजणी स्वतंत्र करा. मंगळवार किंवा बुधवार घ्या. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशीचा आकडा फसवा येतो. दोन माणसं, दोन बाजू, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. सायकली मोजताना बायका, मुलं आणि उलट्या दिशेने जाणारे वेगळे लिहा. उलट्या दिशेचा आकडा मोठा निघाला तर लोकांना शिस्त नाही असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. दुभाजकातली फट चारशे मीटर पुढे असेल, तर सायकलवाला आठशे मीटरचा फेरा मारणार नाही. तिथे ओलांडण्याची जागा हवी. ती करताना दुभाजकात थांबायला किमान २ मीटर खोली द्या. सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते, १.२ मीटरच्या दुभाजकात थांबलेल्या माणसाचं मागचं किंवा पुढचं चाक रस्त्यातच राहतं.

रुंदीचा हिशोब

विकास आराखड्यात रस्ता २४ मीटरचा असतो, जागेवर कुठे २१ भरतो. त्यामुळे कागदावर विसंबू नका. दर ५० मीटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरा. सर्वांत अरुंद जागेचं माप डिझाइन ठरवतं.

एकेरी ट्रॅक २ मीटर, दुहेरी ३ मीटर, हे किमान. दीड मीटरमध्ये एक सायकल जाते, पण पुढच्या दूधवाल्याला ओलांडता येत नाही, आणि मग लोक रस्त्यावर उतरतात. २४ मीटरच्या रस्त्याची अर्धी बाजू, म्हणजे १२ मीटर, अशी बसते: अर्धा दुभाजक ०.६, वाहनांच्या दोन लेन ६.१ (बसची ३.१, दुसरी ३), खांब-झाडांची पट्टी १, सायकल ट्रॅक २ आणि फूटपाथ २.३. यात पार्किंगला जागा नाही, हे बैठकीत पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. ते लपवून काढलेला आराखडा दुकानदारांच्या पहिल्या मोर्चाला कोसळतो. पार्किंग ठेवायचंच असेल तर ते ट्रॅक आणि लेनच्या मध्ये आणा आणि मोटारीचं दार उघडायला अर्धा मीटर मोकळा सोडा.

पार्किंगची पाहणीही सोपी आहे. दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहा. दिवसभर न हललेल्या गाड्या बहुतेक दुकानमालकांच्या, नोकरांच्या किंवा गॅरेजच्या निघतात, गिऱ्हाइकांच्या नव्हे. हा कागद समोर ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. पी-१, पी-२ च्या रस्त्यांवर मात्र एक खास घोळ होतो. सम-विषम तारखेनुसार पार्किंगची बाजू बदलते, म्हणून कडेला रंगवलेला सायकल पट्टा एक दिवसाआड आपोआप भरतो. आधी पार्किंगची एकच बाजू कायम करून घ्या, मग रंगाचा डबा उघडा.

चौक

ट्रॅक बांधणारे चौकापाशी येऊन थांबतात. अपघाताची भीती मात्र तिथेच सुरू होते. चौकाच्या ३० मीटर आधी ट्रॅक संपवून सायकलवाल्याला रहदारीत सोडणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. ट्रॅक थांबारेषेपर्यंत आणि पुढे पलीकडेपर्यंत रंगीत पट्ट्याने दिसला पाहिजे.

डावीकडचा फ्री लेफ्ट हा सरळ जाणाऱ्या सायकलचा शत्रू. मागून आलेली मोटार न थांबता डावीकडे वळते आणि सायकल तिच्या पोटाशी येते. शक्य असेल तर फ्री लेफ्ट बंद करा. नसेल तर त्या वळणावर ट्रॅक आणि झेब्रा दोन्ही १०० मिलिमीटर उचलून घ्या, म्हणजे वाहनाला चढावं लागतं आणि वेग पडतो. कोपऱ्याची गोलाईही कमी करा. जिथे बस वळत नाही तिथे ६ मीटर त्रिज्या भरपूर झाली. अशी गोलाई १२-१५ मीटरची करून ठेवली की मोटारी वेगात वळतात आणि नंतर तिथेच ‘सावकाश चालवा’ची पाटी लावावी लागते.

उजवीकडे वळण्यासाठी सायकलवाल्याला तीन लेन कापत मध्यावर जायला लावू नका. दोन टप्प्यांची रीत चांगली: सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यापाशी थांबायचं, डावीकडच्या रस्त्याने येणाऱ्या वाहनांच्या थांबारेषेपुढे उजवीकडे तोंड करून, आणि त्यांचा हिरवा लागला की त्यांच्या आधी निघायचं. त्यासाठी ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल चौकोन रंगवा. यात चार-पाच सायकली बसतात. मूळ थांबारेषा तेवढी मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर चौकोनावर रिक्षाच उभी राहते.

आता सिग्नलचे सेकंद. चौक ३० मीटरचा धरा. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलेली सायकल सेकंदाला ४ मीटर जाते. पिवळा ३ सेकंद आणि सगळीकडे लाल २ सेकंद असेल, तर ५ सेकंदांत ती २० मीटरवर पोचते. उरलेले १० मीटर तिला आडव्या सुटलेल्या दुचाक्यांसमोर काढावे लागतात. म्हणून सगळीकडे लाल असण्याचा काळ वाढवून मागा. सुरुवातीला सायकल आणि पादचाऱ्यांना ४ ते ६ सेकंद आधी हिरवा मिळाला तर वळणाऱ्या वाहनांना ती समोर स्पष्ट दिसते. या दोन्ही गोष्टींना सिमेंटची एक गोणीही लागत नाही. वाहतूक शाखेला लेखी पत्र आणि चौकाचा मोजलेला नकाशा लागतो.

फाटक, बसथांबा, जाळी

सोसायटीच्या प्रत्येक फाटकासमोर ठेकेदार ट्रॅक खाली उतरवतो आणि पुन्हा वर चढवतो. शंभर मीटरमध्ये चार फाटकं असली की आठ चढ-उतार. पाठीचा मणका दुखायला लागला की माणूस ट्रॅक सोडतो. ट्रॅक सपाट ठेवा, मोटारीला चढू द्या. १०० मिलिमीटर उंचीसाठी रस्त्याच्या बाजूला ६०० मिलिमीटरचा उतार पुरतो आणि तो खांब-झाडांच्या पट्टीत बसतो. फाटकासमोर काँक्रीटची जाडी १०० ऐवजी २०० मिलिमीटर ठेवा, कारण पाण्याचा टँकर तिथूनच आत जाणार आहे.

बसथांब्यावर ट्रॅक शेडच्या मागून काढा. शेड आणि प्रवासी ज्या बेटावर असतील ते अडीच मीटरच्या आसपास हवं. तिथे ट्रॅक फूटपाथच्या पातळीला आणून झेब्रा रंगवा, म्हणजे सायकलवालाच वेग कमी करतो.

बोलार्डबद्दल, म्हणजे वाहनं अडवायला रोवलेल्या बुटक्या खांबांबद्दल, एक गैरसमज आहे. दोन खांबांत १.२ मीटर अंतर ठेवलं तर रिक्षा अडते आणि चाकाची खुर्ची जाते. पण सायकल जाऊ देणारा आणि स्कूटर अडवणारा खांब कुणी बनवलेला नाही. दोघांच्या हँडलच्या रुंदीत जेमतेम दहा सेंटीमीटरचा फरक असतो. अंतर आणखी कमी केलं तर स्कूटर वाकडी करून काढतातच, अडकते ती भाजीची टोपली लावलेली सायकल. स्कूटर ट्रॅकवर येतात त्या सिग्नलपाशी मुख्य लेन तुंबल्यावर. त्या दोन-तीन जागी गर्दीच्या वेळी पोलीस उभा राहिला तर उपयोग होतो.

पावसाळी जाळीचं काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका. जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने असतील तर फटीत टायर बसतो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चौकोनी जाळी उचलून नव्वद अंशांत फिरवता येते. लांबट जाळी फिरत नाही. तिच्यावर दर १०० मिलिमीटरला आडवी पट्टी वेल्ड करून घ्या. चेंबरचं झाकण ट्रॅकच्या पातळीशी ५ मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. महावितरणचा फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) हलवायचा असेल तर अर्ज सर्वांत आधी द्या. त्याला लागणाऱ्या वेळेत बाकीचा ट्रॅक पूर्ण होतो आणि मग पिलर मधोमध उभा राहतो.

पेव्हर ब्लॉक नकोत. दोन ब्लॉकमधली खाच सतत हादरे देते, आणि केबलसाठी एकदा खोदलं की पुन्हा बसवलेला भाग पहिल्या पावसात दबतो. मशीनने टाकलेलं डांबर किंवा काँक्रीट बरं. ठेकेदार पेव्हरचा आग्रह धरतो कारण ते तुकड्या-तुकड्यांत, मशीन न आणता करता येतं. हिरवा किंवा लाल रंग गुळगुळीत असेल तर पावसात घसरतो, म्हणून त्यात बारीक खडी मिसळलेला घ्या, आणि सगळा ट्रॅक रंगवण्याऐवजी फक्त चौक-फाटकांवर रंग वापरा. ट्रॅकला लागून असलेला कर्ब ५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. पायडल खाली येताना अडेल या धास्तीने माणूस कडेपासून हातभर लांब चालतो आणि २ मीटरचा ट्रॅक दीड मीटरचा होतो.

आधी फक्कीने आखून पाहा

पक्कं बांधकाम करण्याआधी ५०० मीटरवर दोन आठवडे चाचणी घ्या. फक्त रविवारी घेतलेल्या चाचणीतून रोजच्या गर्दीबद्दल काहीच कळत नाही. थंडीचे महिने योग्य, कारण फक्कीच्या रेषा पावसात टिकत नाहीत. दर ५ मीटरला एक कोन धरला तर एका बाजूला १०० कोन लागतात. चौकाजवळ ते २ मीटरवर घ्या आणि चोरीला जातील म्हणून वीस जास्त ठेवा. रात्री दिसण्यासाठी प्रत्येकावर परावर्तक पट्टी हवी. वाळू भरलेले रंगाचे डबे स्वस्त पडतात, पण दुसऱ्याच दिवशी त्यांची कचराकुंडी होते.

या पंधरा दिवसांत तीन आकडे रोज लिहा: सायकली किती, ट्रॅकवर उभ्या राहिलेल्या गाड्या किती, आणि बसला तो टप्पा पार करायला लागलेला वेळ. तिसरा आकडा नसेल तर ‘तुमच्यामुळे ट्रॅफिक झालं’ याला उत्तर देता येत नाही. माल उतरवणाऱ्या टेंपोंची वेळ दुकानदारांकडून विचारून घ्या आणि त्यांच्यासाठी एक-दोन खण ठेवा. खण न ठेवता दंड लावला तर टेंपो ट्रॅकवरच उभा राहणार.

पैसा आणि कागद

४०० मीटर लांब, २ मीटर रुंद ट्रॅकचं क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर. खालचा १५० मिलिमीटरचा खडी-मुरमाचा थर म्हणजे १२० घनमीटर. वरचं १०० मिलिमीटर एम-२५ काँक्रीट म्हणजे ८० घनमीटर. दर २ मीटरला सांधा कापायचा, म्हणजे सुमारे २०० काप. फाटकांचं जास्तीचं काँक्रीट वेगळं धरा. आडवा उतार शंभरात दोन, रस्त्याच्या पन्हाळीकडे. हे आकडे घेऊन गेलात तर पथ विभागातला अभियंता दर लावून एका बैठकीत इस्टिमेट काढू शकतो.

छोट्या दुरुस्त्यांसाठी पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन कामं सुचवतात, आणि एका कामाची मर्यादा ५ लाख रुपयांची असते. ‘सायकल ट्रॅक करावा’ असं लिहिलेला अर्ज अडगळीत जातो. ‘खांब क्रमांक अमुक ते तमुक, ६ जाळ्या बदलणे, ४ कर्ब उतरते करणे, सायकल स्टँडचे १० पाइप बसवणे’ असं लिहा, फोटो जोडा. पाइप म्हणजे उलट्या यू आकाराचे: उंची पाऊण मीटर, दोन पाइपांत १ मीटर, भिंतीपासून ६० सेंटीमीटर. एका पाइपला दोन सायकली. चाक अडकवायच्या खाचांचे स्टँड घेऊ नका, रिम वाकते आणि चौकट कुलूपबंद होत नाही.

निविदेत दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपण्याची तारीख भिंतीवर लावून ठेवा, कारण त्याआधी नोंदवलेला खड्डा ठेकेदाराच्या खर्चात बुजतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने फेरी मारा. जिथे पाणी साचलं असेल त्या डबक्याची कड ऑइल पेंटने रंगवा. पाणी ओसरल्यावरही पुरावा राहतो. गणपतीत मांडवाचे खांब ट्रॅकमध्ये रोवले जातात. मंडळाशी भांडण्यापेक्षा नेहमीच्या मांडवाच्या जागी झाकण असलेल्या लोखंडी खाचा बांधकामातच ठेवा, म्हणजे दरवर्षी पहार पडत नाही. झाडू कुणी मारायचा हेही आरोग्य विभागाकडून लेखी घ्या. रस्त्याचा झाडू कचरा ट्रॅकवर लोटतो, आणि झाडणीचं मशीन २ मीटरमध्ये शिरत नाही.

ट्रॅक सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी, त्याच तिघांना तीच वाट पुन्हा चालवायला सांगा. तोच छापील तक्ता वापरा, नवा करू नका. पहिल्या फेरीतले आकडे निळ्या शाईत असतील तर हे लाल शाईत लिहा आणि दोन्ही कागद एकत्र टाचून क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर पोच घेऊन द्या.